फाइल समोर आहे, तरी क्लास सापडत का नाही?

पीएचपीत काम करणाऱ्यांना एक ओळ तोंडपाठ असते : ‘क्लास नॉट फाउंड’. तिचा छळ असा, की हवी असलेली फाइल डोळ्यांसमोर असते. एडिटरमध्ये क्लासच्या नावावर कंट्रोल दाबून क्लिक केलं की तीच फाइल झटकन उघडते. स्पेलिंग पुन्हा पुन्हा तपासून झालेलं असतं. तरी प्रोग्राम चालवला की पुन्हा तीच ओळ.

स्वतः लिहिलेल्या पॅकेजमध्ये हा प्रकार फार होतो. बाहेरून आणलेली नावाजलेली पॅकेजेस असंख्य लोकांच्या वापरातून तावून सुलाखून निघालेली असतात. आपल्या पॅकेजचे पहिले वापरकर्ते आपणच असतो, आणि त्यातली प्रत्येक कच्ची जागा आपल्यालाच पहिल्यांदा लागते. अशा वेळी बहुतेक जण हाताला येईल ते करून बघतात. फाइल हलवतात, नाव बदलतात, सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करतात. कधी त्यातलं एखादं लागू पडतं, पण बिघाड कुठे होता ते कळत नाही, म्हणून पुढच्या महिन्यात तो परत येतो.

या कोड्याची किल्ली एवढीच : एडिटर शोधतो, पीएचपी शोधत नाही. एडिटरने प्रकल्पातली फाइल न् फाइल आधीच वाचून त्यातल्या क्लासेसची सूची केलेली असते. फाइल कुठेही ठेवा, त्याला ती सापडतेच. पीएचपीच्या बाजूने मात्र क्लासच्या पूर्ण नावावरून फाइलचा पत्ता काढला जातो आणि फक्त त्याच पत्त्यावर पाहिलं जातं. तिथे फाइल नसेल तर शेजारच्या फोल्डरमध्ये डोकावणंही होत नाही. त्यामुळे ‘एडिटरला तर सापडतंय’ हा पुरावा इथे कामाचा नाही.

ही सोय आली कुठून

एका प्रकारच्या कामाची माहिती आणि ते काम करण्याच्या रीती एकत्र बांधलेला कोडचा तुकडा म्हणजे क्लास. एका फाइलमध्ये एक क्लास ठेवायचा, हा रुळलेला रिवाज. पूर्वी एका फाइलमधून दुसरीतला क्लास वापरायचा तर वर ‘रिक्वायर’ची ओळ लिहावी लागे. प्रकल्प वाढला की अशा ओळींच्या रांगाच रांगा होत, आणि एक राहिली की सगळं ठप्प.

२००४ साली आलेल्या पीएचपी ५ ने यावर उपाय दिला. प्रोग्राम चालताना अनोळखी क्लास समोर आला, तर पीएचपी थांबेल आणि ‘ऑटोलोड’ नावाच्या फंक्शनला तो क्लास आणायला सांगेल. पण असं फंक्शन एकच लिहिता येई, त्यामुळे दोन लायब्रऱ्या एकत्र आल्या की भांडण ठरलेलं. २००५ मध्ये ५.१ आवृत्तीने असे कितीही लोडर एकामागे एक नोंदवायची सोय केली. जुनी पद्धत पुढे २०२० साली पीएचपी ८ मधून काढूनच टाकली गेली.

दुसरी पायरी २००९ ची. ५.३ आवृत्तीत नेमस्पेस आले, म्हणजे क्लासच्या नावाआधी लागणारा उपसर्ग. त्यामुळे दोन वेगळ्या पॅकेजांत एकाच नावाचे क्लास सुखाने नांदू लागले. त्याच वर्षी वेगवेगळ्या फ्रेमवर्कच्या मंडळींनी ‘पीएचपी-फिग’ हा गट स्थापन केला आणि नावावरून फाइलचा पत्ता कसा काढायचा, याचे नियम ठरवले. आधी पीएसआर-०, मग पीएसआर-४. पीएसआर-० ला २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये अधिकृतपणे निवृत्त केलं गेलं. निल्स आदरमान आणि जॉर्डी बोजियानो यांचं कंपोझर हे पॅकेजेस आणून बसवणारं साधन २०१२ मध्ये आलं. आज आपण ‘ऑटोलोडर’ म्हणतो तेव्हा बहुधा कंपोझरने तयार करून दिलेलाच लोडर असतो.

पत्ता कसा निघतो

समजा, बिलावरची रक्कम मराठी अक्षरांत लिहून देणारं एक छोटं पॅकेज आपण केलं आहे. १,२५,००० दिले की ‘एक लाख पंचवीस हजार’ असं उत्तर देणारं. त्यातल्या एका क्लासचं पूर्ण नाव असं :

सह्याद्री\अंकशब्द\मराठी\रक्कम

(प्रत्यक्षात ही नावं रोमन लिपीत लिहायची रूढी आहे. पण पीएचपीच्या नियमांत देवनागरी नावं चालतात, हे जाता जाता सांगायला हवं.)

पॅकेजच्या कंपोझर.जेसन या फाइलमध्ये आपण सांगतो, की ‘सह्याद्री\अंकशब्द\’ या उपसर्गाचा मुक्काम ‘एसआरसी’ या फोल्डरात आहे. आता लोडर काय करतो? उपसर्ग काढून त्या जागी फोल्डर ठेवतो, उरलेल्या नावातल्या उलट्या तिरक्या रेघांच्या जागी सरळ तिरक्या रेघा घालतो आणि शेवटी ‘.पीएचपी’ जोडतो. पत्ता तयार : एसआरसी/मराठी/रक्कम.पीएचपी. दोन उपसर्ग लागू पडत असतील तर अधिक लांबीचा, म्हणजे अधिक नेमका उपसर्ग आधी पाहिला जातो.

हे काम पिनकोडसारखं चालतं. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. ४११ वाचलं की पत्र पुण्याकडे लागतं, पुढचे तीन आकडे पोस्ट ऑफिस सांगतात. वाटेत कुणीही ‘हा माणूस भारतात कुठे राहतो’ असा शोध घेत नाही. आकडे वाचायचे आणि पुढे धाडायचं, एवढंच. म्हणूनच काम झपाट्याने होतं, आणि म्हणूनच एक आकडा चुकला तर पत्र भलत्याच गावी जातं, मग पाकिटावर नाव कितीही ठळक असो.

या पद्धतीचा एक मोठा तोटा आहे, आणि सगळी तपासणी त्याच्याभोवती फिरते. मधल्या कोणत्या टप्प्यावर गाडी अडली हे लोडर सांगत नाही. हाक चुकीच्या नावाने मारली, पत्ता चुकीचा निघाला, पत्त्यावर फाइल नव्हती, की फाइल होती पण आत दुसराच क्लास होता? चारही वेळा संदेश एकच : ‘क्लास नॉट फाउंड’. तेव्हा हे टप्पे आपणच एकेक करून वेगळे करायचे.

आधी संदेश अक्षरन् अक्षर वाचा

त्रासलेला माणूस ‘नॉट फाउंड’ एवढंच वाचतो. खरी माहिती अवतरण चिन्हांतल्या नावात असते. पीएचपीने नेमकं कोणतं पूर्ण नाव मागितलं, ते तिथे छापलेलं असतं. आपल्याला हवा होता ‘सह्याद्री\अंकशब्द\मराठी\रक्कम’ आणि संदेशात दिसतोय ‘दुकान\बिल\रक्कम’, तर लोडर निर्दोष आहे. चूक हाक मारणाऱ्या फाइलची आहे. तिच्या डोक्यावर ‘यूज’ची ओळ राहिली, म्हणून पीएचपीने त्या फाइलचाच नेमस्पेस पुढे जोडून घेतला.

‘यूज’बद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. ती ओळ कोणतीही फाइल उघडत नाही. ‘या फाइलमध्ये मी आखूड नाव लिहिलं की हे लांब नाव समजा’, एवढंच ती सांगते. त्यामुळे ‘यूज’मध्ये नाव चुकलं तरी त्या ओळीवर तक्रार येत नाही. क्लास प्रत्यक्ष वापरला जातो तिथे ती येते, कधी शेकडो ओळी खाली.

पीएचपीचे स्वतःचे क्लासही या नियमातून सुटत नाहीत. नेमस्पेस असलेल्या फाइलमध्ये नुसतं ‘डेटटाइम’ लिहिलं, तर पीएचपी आपल्याच नेमस्पेसमधला डेटटाइम मागते. फंक्शनच्या बाबतीत ती आपल्या नेमस्पेसमध्ये न मिळाल्यास जागतिक यादीत बघते, क्लासच्या बाबतीत नाही. उपाय सोपा : नावाआधी एक उलटी रेघ, किंवा वर ‘यूज’.

यातला सगळ्यात घातक प्रकार मात्र संदेशच देत नाही. नेमस्पेसमधल्या फाइलमध्ये चूक पकडण्यासाठी ‘कॅच’ लिहिलं आणि कंसात नुसतं ‘एक्सेप्शन’ टाकलं, तर पीएचपी अस्तित्वातच नसलेला क्लास मनात धरते आणि गप्प राहते, कारण ‘कॅच’साठी लोडरला बोलावलंच जात नाही. खरी चूक घडते तेव्हा ती या जाळ्यातून सरळ निसटते. ‘इन्स्टन्सऑफ’चंही तसंच : क्लास नसला तरी तक्रार नाही, उत्तर फक्त ‘नाही’ असं येतं. माझं स्पष्ट मत आहे, की आपल्या पॅकेजमधला प्रत्येक ‘कॅच’ एकदा तरी या नजरेने वाचून काढावा.

एका प्रश्नात अर्धा शोध

मागितलेलं नाव बरोबर असेल, तर पुढचा प्रश्न थेट लोडरलाच विचारता येतो. वेंडर फोल्डरातली ‘ऑटोलोड.पीएचपी’ ही फाइल रिक्वायर केली की ती लोडर परत देते. तो एका चलात ठेवायचा आणि त्याचं ‘फाइंडफाइल’ हे फंक्शन क्लासच्या पूर्ण नावानिशी चालवायचं. नावाआधी उलटी रेघ द्यायची नाही. दोन ओळींचं काम आहे. उत्तर म्हणून एक तर फाइलचा पत्ता येईल किंवा ‘फॉल्स’.

‘फॉल्स’ आलं तर लोडरच्या नकाशात (कोणत्या उपसर्गाचा फोल्डर कोणता, या नोंदीत) किंवा डिस्कवर गडबड आहे. पत्ता आला आणि तरीही क्लास मिळत नसेल, तर गडबड त्या फाइलच्या आत आहे. एवढं कळलं की निम्मं रान मोकळं होतं.

आधी ‘फॉल्स’चं बघू. कंपोझर आपली माहिती चालू प्रोग्रामला कंपोझर.जेसनमधून देत नाही. तिच्यावरून तो वेंडर/कंपोझर या फोल्डरात तयार नकाशे लिहून ठेवतो. जेसनमध्ये नवा उपसर्ग लिहिला, पण ‘कंपोझर डम्प-ऑटोलोड’ चालवलं नाही, तर नकाशा जुनाच राहतो. त्या फोल्डरातली ‘ऑटोलोड_पीएसआर४.पीएचपी’ ही फाइल उघडून बघा. आपला उपसर्ग आणि त्यासमोर फोल्डरचा पत्ता तिथे दिसलाच पाहिजे. ती फाइल हाताने बदलायची नाही, फक्त वाचायची.

इथे पॅकेज लिहिणाऱ्यांचा हमखास घात करणारी एक खोच आहे. आपलं पॅकेज दुसऱ्या प्रकल्पात जोडून आपण तिथेच त्याची चाचणी घेतो, बहुधा ‘पाथ’ रिपॉझिटरी म्हणून, म्हणजे वेंडरमध्ये मूळ फोल्डराकडे बोट दाखवणारा दुवा असतो. पॅकेजमधला कोड बदलला की बदल लगेच दिसतो. साहजिकच वाटतं, की पॅकेजच्या कंपोझर.जेसनमधला बदलही लगेच लागू होईल. तो होत नाही. जोडलेल्या पॅकेजांची माहिती कंपोझर ‘इन्स्टॉल्ड.जेसन’ या फाइलमध्ये इन्स्टॉल करतानाच टिपून ठेवतो आणि डम्प-ऑटोलोड त्या टिपणावरूनच नकाशा काढतं. तेव्हा पॅकेजचा उपसर्ग किंवा फोल्डर बदलला, तर मुख्य प्रकल्पात त्या पॅकेजसाठी ‘कंपोझर अपडेट’ चालवावं लागतं. डम्प-ऑटोलोड कितीही वेळा चालवा, फरक पडणार नाही.

वर्डप्रेससाठी प्लगिन लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथल्या रिवाजाप्रमाणे फाइलचं नाव ‘क्लास-’ने सुरू होतं, सगळी अक्षरं लहान, शब्दांमध्ये आडव्या रेघा. पीएसआर-४ च्या हिशेबात ते कधीच बसणार नाही. अशा फोल्डरासाठी जेसनमध्ये ‘क्लासमॅप’ लिहावं. मग कंपोझर फाइली उघडून आतल्या क्लासेसची यादी करतो. मात्र नवा क्लास लिहिला की यादी पुन्हा काढावी लागते.

माझ्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर नाही

या तक्रारीचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे मोठी आणि लहान रोमन अक्षरं. विंडोज आणि मॅक यांच्या डिस्कवर, मुळातल्या मांडणीनुसार, फाइलच्या नावातला ‘आर’ मोठा की लहान याने फरक पडत नाही. लिनक्सवर पडतो, आणि बहुतेक सर्व्हर लिनक्सचे. पीएचपीचा स्वभाव यात भर घालतो : क्लासच्या नावात ती लहान-मोठं मानत नाही, पण लोडरला मात्र नाव कोडमध्ये जसं लिहिलं तसंच देते. फोल्डर लहान अक्षराने आणि नेमस्पेस मोठ्या अक्षराने सुरू होत असेल, तर लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं आणि सर्व्हरवर पहिल्याच हाकेला कोसळतं.

चूक लक्षात आली म्हणून लॅपटॉपवर फाइलचं नाव सुधारलं, तरी काम संपत नाही. विंडोज-मॅकवर गिट अशा बदलाकडे बहुधा काणाडोळा करतं, कारण त्याच्या दृष्टीने फाइल तीच असते. नाव आपल्या डोळ्यांसमोर बदललेलं, रिपॉझिटरीत मात्र जुनंच. म्हणून फक्त अक्षरांचा आकार बदलायचा असेल तेव्हा तो ‘गिट एमव्ही’ या आज्ञेनेच बदलावा. शंका असेल तर ‘गिट एलएस-फाइल्स’ चालवून गिटच्या दप्तरी कोणतं नाव आहे ते पाहावं.

सर्व्हरवरचं दुसरं कारण ऑप-कॅश. पीएचपी एकदा वाचलेल्या फाइली स्मृतीत धरून ठेवते. वेग वाढावा म्हणून काही सर्व्हरवर ‘फाइल बदलली का’ हे तपासणंही बंद केलेलं असतं. कंपोझरचे नकाशे याही पीएचपीच्याच फाइली, त्यामुळे नवा नकाशा डिस्कवर येऊनसुद्धा चालू सर्व्हर जुनाच वापरत राहतो. कमांड लाइनवर तोच क्लास बिनतक्रार सापडतो, ब्राउझरमधून नाही, असं दिसलं तर पीएचपीची सेवा रीस्टार्ट करून पाहावी. डम्प-ऑटोलोड ‘ऑथॉरिटेटिव्ह’ पद्धतीने चालवलेलं असेल, तर तयार यादीबाहेरचा क्लास लोडर डिस्कवर बघायलाही जात नाही, हेही ध्यानात ठेवावं.

पत्ता बरोबर, घरात दुसराच

आता दुसरी शक्यता. लोडर फाइलपर्यंत पोहोचला, त्याने ती उघडली, पण आत जाहीर केलेलं नाव वेगळं आहे. फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवली आणि वरची नेमस्पेसची ओळ बदलायची राहिली, की हेच होतं. कोड दुसऱ्या फाइलवरून नकलून घेतला तरीही होतं. लोडरच्या बाजूने त्याचं काम झालेलं असतं. पीएचपी बघते, की मागितलेला क्लास अजूनही नाही, आणि तोच संदेश छापते. कधी याच गोंधळातून ‘कॅनॉट डिक्लेअर क्लास’ अशी उलटी तक्रार येते, म्हणजे एकच फाइल दोन वेगळ्या नावांनी दोनदा उघडली गेली.

ही विसंगती डोळ्यांनी शोधत बसायची गरज नाही. डम्प-ऑटोलोडला ‘ऑप्टिमाइझ’ आणि ‘स्ट्रिक्ट-पीएसआर’ हे दोन पर्याय एकत्र दिले, की कंपोझर फाइली स्वतः तपासतो, नियमात न बसणारे क्लास नावानिशी दाखवतो आणि आज्ञा अयशस्वी ठरवतो. प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमध्ये ही एक ओळ घातली, तर या जातीची चूक पुढे सरकतच नाही.

चौकट : अडलं की या क्रमाने

• संदेशातलं पूर्ण नाव आपल्याला हवं तेच आहे का? नसेल तर हाक मारणाऱ्या फाइलमधलं ‘यूज’ आणि नेमस्पेस बघा.
• ‘फाइंडफाइल’ काय देतं? पत्ता आला तर फाइलच्या आत बघा, ‘फॉल्स’ आलं तर नकाशा आणि डिस्क बघा.
• नकाशात आपला उपसर्ग आहे का? मुख्य प्रकल्पाचा असेल तर डम्प-ऑटोलोड, जोडलेल्या पॅकेजचा असेल तर अपडेट.
• लहान-मोठी अक्षरं गिटमध्येही जुळतात का?
• फक्त ब्राउझरमध्येच बिघाड? मग ऑप-कॅश.

दुसऱ्याच्या प्रकल्पात गेल्यावर

एवढं सगळं नीट असूनही पॅकेज दुसऱ्याच्या हातात गेल्यावर मोडू शकतं. कंपोझर.जेसनमध्ये ‘ऑटोलोड’ आणि ‘ऑटोलोड-डेव्ह’ असे दोन भाग असतात. दुसरा भाग चाचण्यांच्या मदतीसाठी, आणि तो फक्त मुख्य प्रकल्पाचाच मानला जातो. आपण पॅकेजच्या फोल्डरात बसून काम करतो तेव्हा आपलं पॅकेजच मुख्य प्रकल्प असतं, म्हणून दोन्ही भाग चालतात. दुसऱ्याने ते जोडलं की आपला ‘डेव्ह’ भाग बाद होतो. एसआरसीमधल्या एखाद्या क्लासने नकळत चाचणीच्या फोल्डरातला मदतनीस क्लास वापरला असेल, तर आपल्याकडच्या सगळ्या चाचण्या हिरव्या आणि वापरणाऱ्याकडे ‘नॉट फाउंड’.

फंक्शनचंही भान ठेवायला हवं. पीएचपीत ऑटोलोड क्लासेसना लागू आहे, सुट्या फंक्शनना नाही. नुसत्या फंक्शनची फाइल असेल तर ती जेसनमधल्या ‘फाइल्स’ या यादीत घालावी लागते, आणि मग ती गरज असो वा नसो, दर वेळी उघडली जाते. म्हणून ही यादी जितकी छोटी तितकी बरी.

तेव्हा पॅकेजची पुढची आवृत्ती टॅग करण्याआधी एवढं जरूर करा : लिनक्सवर एक रिकामा फोल्डर घ्या, त्यात आपलं पॅकेज एखाद्या परक्या माणसासारखं कंपोझरने बसवा, आणि त्यातला प्रत्येक सार्वजनिक क्लास एकदा तरी हाक मारून उभा करा. जो सापडणार नाही, तो वापरकर्त्यालाही सापडणार नाही.